शेवटचा आत आल्याशिवाय

१

मामंजींनी जन्मभर सुतारकाम केलं. माणसांशी बोलताना ते शब्द खिळ्यांसारखे जपून वापरत, उगाच एकही वाया घालवत नसत. सुनेला या घरात येऊन नऊ वर्षं झाली, पण "भाजी बरी झालीये" एवढं वाक्यसुद्धा तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोटात माया नव्हती असं नाही. ती सगळी मागच्या अंगणात खर्च होऊन जायची, गिनी कोंबड्यांवर.

चौदा होत्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, जणू कोणी चुन्याचा कुंचला झटकलाय, आणि त्यावर निळसर, बोडकं, म्हाताऱ्या माणसासारखं डोकं. शेजारी एक निवृत्त टंकलेखक राहत. सगळे त्यांना टायपिस्टकाका म्हणत. ते म्हणायचे, "देवाने कोंबडी छान करायला घेतली होती. चेहऱ्यापर्यंत आला आणि जेवणाची सुट्टी झाली."

रूप नाही, आवाज त्याहून नाही. गंजलेली बिजागरी जोरजोरात हलवावी तसा आवाज. पण त्या उगाच ओरडत नाहीत. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्यांना पाठ असतं. घरातलं माणूस अंगणात आलं की मान वर करून बघतात आणि पुन्हा टिपायला लागतात. बाहेरचं कोणी आलं, मग तो सात वर्षं रोज येणारा पोस्टमन का असेना, चौदाही एकदम आभाळ डोक्यावर घेतात. सून नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्यावरही सहा आठवडे ओरडल्या होत्या. "सहा आठवडे लागतात," तेव्हा मामंजी म्हणाले होते. "नवीन पाखरू आणलं की तेवढे दिवस कोंडून ठेवायचं, कुठे सोडायचं नाही. मग ते इथलं होतं." तिची समजूत काढणं त्यांना एवढंच जमलं होतं.

रोज दिवस मावळायला आला की ते मागच्या भिंतीशी उभे राहायचे. भिंतीपलीकडे पाणथळ होती आणि पाणथळीत माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं गवत. कोंबड्या दिवसभर तिथे किडे शोधत फिरायच्या. मामंजी पत्र्याचा डबा हातोडीच्या तुटक्या दांड्याने वाजवायचे: दोन ठोके हलके, मग थांबायचं, मग एक पक्का. खिळा ठोकताना हात तसाच चालतो, आधी दोन हलके, खिळा उभा राहीपर्यंत, मग एक जोराचा. तो आवाज आला की गवतातून एकामागून एक ठिपके बाहेर यायचे. पुढे आत्याबाई. ही त्यांची म्होरकी. तिच्या मनाविरुद्ध अंगणात पानही हलत नसे, म्हणून हे नाव.

गिनी कोंबडी अंधाऱ्या खुराड्यात पाऊल टाकत नाही. म्हणून मामंजींनी खुराड्यात एक छोटा दिवा लावला होता, त्याचं बटण स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी. सून त्या बटणावर हात ठेवून उभी राहायची. मामंजी मोजायचे, मग दाराची कडी लावायचे आणि म्हणायचे, "चौदा त्या, पंधरावा मी. घालव दिवा."

एकदा तिने घाईत आधीच दिवा घालवला होता. दोन कोंबड्या रात्रभर बाहेर राहिल्या, सकाळी एकीची नुसती पिसं मिळाली. मामंजी रागावले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेवटचा आत आल्याशिवाय दिवा घालवायचा नाही."

तेव्हापासून तिने तो नियम कधी मोडला नव्हता.

२

मग मामंजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग बायको जाऊन बारा वर्षं झाली हे. एका सकाळी सुनेने चहा पुढे ठेवला तर त्यांनी वर बघून विचारलं, "कोण गं तू?"

ती आत जाऊन रडली. नवरा ट्रकवर होता, लांबच्या फेऱ्या, दोन-दोन महिन्यांनी एकदा घरी. रडून झाल्यावर तोंड धुऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी घरातलीच."

"हं," मामंजी म्हणाले आणि चहा प्यायले.

दोन वर्षं हे रोज चाललं. "कोण गं तू?" "मी घरातलीच." "हं." पुढे पुढे तिला रडू यायचं बंद झालं. उलट एखाद्या सकाळी त्यांनी विचारायला उशीर केला तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. लोक म्हणायचे, धन्य आहे बाई तुझी. तिला त्यात धन्य असं काही वाटत नव्हतं. तिला एवढंच वाटायचं की दिवसातून एकदा तरी हा माणूस आपल्याला काहीतरी विचारतो आणि आपलं उत्तर मान्य करतो.

सगळं विसरले, पण कोंबड्या विसरले नाहीत. डबा, दांडा, दोन हलके, एक पक्का. "चौदा त्या, पंधरावा मी."

३

त्या दिवशी तिच्याकडे शाळेच्या गणवेशांचं शिवण होतं. छत्तीस शर्ट. मशीन चालू असलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. दुपारी तीनला तिने पाय थांबवला तेव्हा मागचं फाटक सताड उघडं होतं आणि मामंजींची खुर्ची रिकामी होती.

टायपिस्टकाका सायकलवर बाजाराकडे गेले. गल्लीतली पोरं बसथांब्याकडे पळाली. शेजारची माणसं पाणथळीत उतरली. ती मागच्या भिंतीशी गेली. "मामंजी" म्हणून गवताकडे तोंड करून ओरडली, घसा बसेपर्यंत. पण आपण कोणाचे मामंजी आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या हाकेला ओ कशी देणार? मग तिला डबा दिसला.

दांडा सापडेना, म्हणून तिने आतून पळी आणली आणि डबा वाजवायला लागली. तिच्या हाताला ते मधलं थांबणं कधी जमलं नव्हतं. ती नुसती सारखी वाजवत राहिली, टक, टक, टक, टक. कोणीतरी या, असं म्हणत. दोन तास.

दिवस मावळला. गवतातून कोंबड्या आल्या, पण रोजच्यासारख्या रांगेत नाही. उडत, पडत, ओरडत आल्या. आणि त्यांच्या मागून मामंजी आले.

कोंबड्या खुराड्यात शिरल्या नाहीत. पत्र्यावर चढून मामंजींकडे माना ताणून किंचाळत राहिल्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला. हात ऊबदार होता. चपला कोरड्या होत्या. पाणथळीत थोडं आत गेलं तरी घोटाभर पाणी असतं हे तिला माहीत होतं, पण त्या क्षणी कोण चपला बघत बसतं?

मामंजींनी तिच्याकडे बघितलं. नीट, ओळखून.

"घाबरलीस का पोरी?" ते म्हणाले.

पोरी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं, मागलं दार लावलं, आणि जाता जाता दाराशेजारचं बटण दाबून दिवा घालवला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना ती उत्तर तोंडात घेऊनच उभी होती. मामंजींनी कप उचलला. "आलं घातलंस. छान," म्हणाले. प्रश्न आलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, मधेच एखादी खिडकी उघडते, आनंद माना. फोनवर नवऱ्याला हुंदका आवरेना. "बाबांनी माझं नाव घेतलं," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. टायपिस्टकाका पेढ्यांची वाट बघत दोनदा चक्कर मारून गेले.

तिने एकच केलं, फाटकाला कुलूप लावलं. महिना-दीड महिना यांना कुठे सोडायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवलं. आपण कोणाचं वाक्य बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे गेले. इतके की तिला कधी कधी अपराधी वाटायचं. मामंजी तिच्या मशीनशेजारी बसायचे, तिच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करून द्यायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. "डोळे दुखत असतील, जरा थांब," म्हणायचे. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले होते. आपल्यासाठी कोणी सुईत दोरा ओवून ठेवणं म्हणजे काय, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

फक्त कोंबड्या गप्प होत नव्हत्या.

मामंजी मागल्या दारात आले रे आले की चौदाही किंचाळायच्या. त्यांनी दाणे टाकले तर तिकडे फिरकायच्या नाहीत. ती म्हणाली, औषधांचा वास येत असेल. टायपिस्टकाका म्हणाले, "चाल बदललीय ना त्यांची, ताठ चालतात आता. मुक्या जिवाला तेवढंही पुरतं." दोघांनाही ते पटलं, कारण दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं.

संध्याकाळी आता ती मोजायची. मामंजी दाराच्या आत, बटणापाशी उभे राहायचे. तिचं "चौदा" म्हणून होईतो दिवा गेलेला असायचा.

५

तिसऱ्या आठवड्यात मामंजी बोलता बोलता आपल्या डाव्या भुवईवरच्या खुणेला बोट लावून म्हणाले, "हे रंध्याने झालं. लाकूड निसटलं आणि रंधा उसळला."

रात्री तिने फोनवर नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, बघा, तरुणपणचंही आठवायला लागलंय.

नवरा हसला. "रंध्याने भुवईला कसं लागेल? अगं, ती मी केलेली आहे. गोफण फिरवत होतो. आई मला सोलून काढेल म्हणून बाबांनी कोणाला कधी सांगितलं नाही. आज काय सुचलं त्यांना?"

"विसरले असतील," ती म्हणाली.

ती फोन ठेवून मशीनपाशी आली. रंधा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मामंजींना जेवायला वाढताना ती खूण तिला दिसली होती आणि तिने मनाशी धरलं होतं, सुतार माणूस, रंधाच लागला असेल. विचारायची छाती नव्हती. तिने ते कोणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. नुसतं धरलं होतं, स्वतःच्या मनात.

ती आठवून बघायला लागली. तीन आठवड्यांत मामंजींनी सांगितलेल्या गोष्टी. तिच्या लग्नातला गोंधळ. ती आजारी पडली तेव्हाचा उन्हाळा. दिवा घालवून मेलेली कोंबडी. सगळं बरोबर होतं, आणि सगळं तिला माहीत असलेलंच होतं. तिच्या येण्याआधीचं काही निघालं की ते हसून म्हणायचे, "तूच सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सहज म्हणून डबा आणि दांडा त्यांच्यापुढे ठेवला. "मामंजी, वाजवून दाखवा ना जरा. मला नाही जमत."

त्यांनी लगेच वाजवला. टक, टक, टक, टक. मधे न थांबता. हुबेहूब तिच्यासारखा.

६

कळपातलं एक पाखरू मागे राहिलं की गिनी कोंबड्या त्याला हाका मारतात. माद्या दोन सुरांत ओरडतात, एक खाली, एक वर, आणि उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत. आत्याबाई तशी ओरडत होती. मामंजी परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज दिवस मावळताना, मागच्या भिंतीवर बसून, पाणथळीकडे तोंड करून. सुरुवातीला सुनेला वाटलं, एखादी हरवली. तिने मोजल्या. चौदा होत्या.

मग ही कोणाला बोलावते?

भुवईचं कळलं त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती आत्याबाईला उतरवायला भिंतीशी गेली. आत्याबाई ओरडली आणि थांबली. मान वाकडी करून ऐकायला लागली. सूनही ऐकायला लागली.

गवतात खूप आत, काहीतरी लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाजलं. हलकेच दोनदा. मग काही नाही. मग एकदा.

सुतारपक्षी असेल, तिने स्वतःला सांगितलं. पाणथळीत वाळकी झाडं आहेत, त्यांना टोचत असेल. आणि समजा नसेल, तरी तिकडे इतके दिवस माणूस काय खाऊन राहील? कुठे निजेल? शेजारची माणसं त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात जाऊन आली होती. तिने सगळं तर्काने, टाक्याला टाका घालून शिवलं. मग मागे वळून बघितलं. खुराड्याभोवती बाकीच्या तेरा कोंबड्या गवताकडे तोंड करून उभ्या होत्या. एकही ओरडत नव्हती. घरातल्या माणसाकडे बघतात तशा बघत होत्या.

"पोरी," मागल्या दारातून मामंजी म्हणाले, "गार वारं सुटलंय. आत ये."

तेराही एकदम किंचाळल्या.

७

पुढचे दोन आठवडे ती संध्याकाळी भिंतीकडे फिरकली नाही. दारातूनच मोजायची आणि कानावर पदर ओढून आत यायची. मग नवऱ्याचा फोन आला. "रविवारी येतोय. एका माणसाशी बोललोय, त्याचं शेत आहे, कोंबड्या घेऊन जाईल. बाबांना स्वतःच्या अंगणात पाय टाकू देत नाहीत म्हणजे काय? आणि काकांच्याही कानांना विश्रांती."

ती हो म्हणाली. नाही कशाच्या जोरावर म्हणणार? पण फोन ठेवल्यावर तिला एकच दिसत राहिलं. आत्याबाई गेली की त्या भिंतीवरून हाक मारणारं कोणी उरणार नाही. तिकडे दोन हलके, एक पक्का वाजत राहील, आणि इकडून उत्तर जाणार नाही.

शनिवारी दुपारी मामंजी तिच्यासाठी सुया ओवत बसले होते. वेगवेगळ्या रंगांचे दोरे, एका रांगेत. ती मशीन चालवत नव्हती, नुसतीच पायडलवर पाय ठेवून बसली होती.

"मला माहीत आहे त्या का ओरडतात," मामंजी म्हणाले. डोळे सुईवरच. "नवीन पाखराला सहा आठवडे लागतात. तुझ्यावरही ओरडल्या होत्या की."

"उद्या सहा आठवडे होतील," ती म्हणाली. आपण दिवस मोजत होतो हे तिला तेव्हा कळलं.

"हं. मग ओरडायच्या नाहीत."

तिने विचारलं, अगदी हळू, कारण ज्याने आपल्याला सहा आठवडे जीव लावला त्याला हे विचारणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं. "तुम्ही नवीन आहात का, मामंजी?"

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं. सुईतून ओढलं. सुई रांगेत ठेवली.

"तू बोलावत होतीस," ते म्हणाले. "इतकी रडत बोलावत होतीस. आलो."

८

त्या संध्याकाळी तिने फाटकाचं कुलूप काढलं. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात डबा आणि दांडा. आत्याबाई भिंतीवर ओरडत होती. सून भिंतीला वळसा घालून गवताच्या कडेला जाऊन उभी राहिली. पायाखालची माती मऊ होती. मागे खुराड्यातला दिवा लागलेला होता, तो इथून नखाएवढा दिसत होता.

तिने डबा वाजवला. दोन हलके. मग तिने श्वास धरला आणि मनात म्हणाली, थांब, थांब. मग एक पक्का.

पहिल्यांदाच जमलं.

गवतातून उत्तर आलं. पहिल्यांदा ऐकलं होतं त्याहून खूप जवळून.

"मामंजी," ती म्हणाली. "इकडे उजेड आहे बघा. या."

गवत हललं, थांबलं. मग आतून कोणीतरी विचारलं. घोगऱ्या, त्रासिक, न वापरलेल्या आवाजात.

"कोण गं तू?"

सहा आठवड्यांत तिला कोणी हे विचारलं नव्हतं. घरातला माणूस तिला ओळखत होता, तिच्या डोळ्यांना त्रास होतो हेही ओळखत होता. इथे अंधारात उभा असलेला तिला मुळीच ओळखत नव्हता. आणि हाच आपला, हे तिला त्यावरूनच कळलं.

"मी घरातलीच," ती म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं.

"हं," गवत म्हणालं.

मागे कोंबड्या किंचाळल्या. वळून न बघता तिला कळलं, मागल्या दारात कोण आलं. हात बटणावर असेल हेही कळलं.

"पोरी, चौदा झाल्या," तो म्हणाला. "आत ये. दिवा घालवतो."

"नका घालवू."

"झाल्या की सगळ्या. भिंतीवरची आत्याबाई धरून."

"पंधरावं माणूस यायचंय," ती म्हणाली.

"मी आहे ना?"

कंदिलाची वात फडफडली. कोंबड्या एकेक करून गप्प झाल्या, त्याच्याकडे बघत असूनही. आणि त्या शांततेत त्याने विचारलं, रागाने नाही, लहान मुलाने विचारावं तसं:

"मग मी कुठे जाऊ?"

तिला त्या क्षणी वळून त्याच्याकडे पळत जावंसं वाटलं. ओवून ठेवलेल्या सुया आठवल्या. आलं घातलंस, छान. तिला दोघेही हवे होते, आणि उजेड एकालाच पुरणार होता, हे तिला कोणी न सांगता उमगलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण दिवा राहू द्या. तेवढं करा माझ्यासाठी."

आत्याबाई भिंतीवरून उतरली आणि गवतात शिरली, न ओरडता. तिच्यामागोमाग गवत दुभंगलं आणि एक हात बाहेर आला. सुनेने कंदील मुद्दाम खाली धरला, चेहऱ्यावर उजेड पडू नये इतका. हात गार होता, ओला होता, आणि तिने धरल्यावर त्याने तिचा घट्ट धरला.

"कोण गं तू?"

"मी घरातलीच, मामंजी. चला."

ती त्यांना नखाएवढ्या उजेडाकडे घेऊन निघाली. पोचली तेव्हा मागल्या दारात कोणी नव्हतं. दिवा चालू होता.

९

रविवारी नवरा आला. वडिलांना बघून मटकन खाली बसला. अंगात ताप, हाडं वर आलेली, तळपाय पाण्यात भिजून पांढरे पडलेले. "फोनवर तर म्हणत होतीस, छान आहेत. एका दिवसात असे कसे झाले? आणि परत विसरले का गं?"

"हो," ती म्हणाली. "परत विसरले."

शेतवाला माणूस पिंजरे घेऊन आला होता. पण मामंजींना खुर्चीवर अंगणात आणून बसवलं, तर कोंबड्या त्यांच्या पायांशी टिपत राहिल्या. त्यांनी शेतवाल्यावरच इतका गलका केला की तो हसत हसत पिंजरे घेऊन परत गेला. टायपिस्टकाका भिंतीवरून म्हणाले, "म्हणजे माझे कान काही सुटत नाहीत."

आता सगळं पूर्वीसारखं आहे. सकाळी चहा. "कोण गं तू?" "मी घरातलीच." "हं." चहा बरा झालाय असं ते कधी म्हणत नाहीत. मशीनवर त्या दिवशीच्या ओवलेल्या सुया अजून तशाच टोचून ठेवल्या आहेत. ती दुसऱ्या सुया वापरते. त्यांत दोरा ओवताना तिच्या डोळ्यांना त्रास होतो.

संध्याकाळी मामंजी डबा वाजवतात. दोन हलके, एक पक्का. आत्याबाईसकट सगळ्या रांगेत येतात. "चौदा त्या, पंधरावा मी," मामंजी म्हणतात. "घालव दिवा."

ती हो म्हणते, त्यांना आत नेते, निजवते, पांघरूण घालते. मग मागल्या दाराशी येऊन थोडा वेळ उभी राहते. पाणथळीकडून आवाज येतो. फार लांबून, कोणीतरी शिकवल्यासारखा, मधे कुठेही न थांबता. टक, टक, टक, टक. तो ऐकून कोंबड्या आता ओरडत नाहीत.

नवरा विचारतो, रात्रभर कशाला जळतो तो दिवा? ती म्हणते, असू द्या. आणि दार लावून घेते.